डबा बदलण्याआधी

दूध प्यायल्यावर बाळ गुळणी काढतं, संध्याकाळ झाली की रडून घर डोक्यावर घेतं, शी करताना कुंथून लालबुंद होतं. अशा वेळी ते पावडरच्या दुधावर असेल, तर सगळ्यांचा पहिला संशय डब्यावर जातो. मग दुसरा डबा येतो, चार दिवसांनी तिसरा. ‘आमच्या बाळाला कोणती पावडर पचेल?’ असं विचारणाऱ्या पालकांना माझं सांगणं असं, की बहुतेक बाळांच्या बाबतीत दोष पावडरचा नसतोच आणि डबे बदलत राहणं हा उपचार नव्हे.

या तक्रारींना वयाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. पोट दुखल्यासारखं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. गुळण्या चौथ्या महिन्याच्या सुमारास वाढतात. वर्षाचं होईपर्यंत बहुतेक बाळांच्या थांबतात. कुंथणाऱ्या बाळाची शी मऊ असेल तर ते बद्धकोष्ठ नाही. पोटाने जोर लावताना गुदद्वार सैल सोडायचं असतं, हे त्याला अजून जमलेलं नसतं, एवढंच. हे सगळं फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांनाही होतं. ‘पण तिसऱ्या डब्याने खरंच फरक पडला’ असं अनेक जण सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. मात्र त्रास कळसाला पोचतो तेव्हाच आपण डबा बदलतो, आणि तिथून तो उतरणारच असतो. त्या वेळी जो डबा घरात असेल, त्याला श्रेय मिळतं.

म्हणून आधी दूध कसं बनतं ते पाहा. प्रत्येक डब्यातला चमचा त्याच पावडरच्या मापाचा असतो. जुन्या डब्यातला नव्यात वापरू नका. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं. आपल्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. आधी पाणी मोजून घ्यायचं, मग पावडर. चमचा शिगोशीग किंवा दाबून भरला की दूध घट्ट होतं आणि शी कडक होऊ शकते. डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवलं, तर वजन वाढत नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी 70 अंशांच्या खाली जाण्याआधी ती मिसळावी आणि दूध कोमट करून पाजावं. बनवलेलं दूध दोन तासांत संपवावं, उरलेलं टाकून द्यावं. महागाचं दूध ओतून देताना जीव हळहळतो, पण तेच पुढच्या वेळी पाजलं तर जुलाब होऊ शकतात.

पावडर खरोखर बदलावी लागते ती मुख्यतः गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मोजक्या बाळांसाठी. शीतून रक्त किंवा बरीच शेंब पडणं, अंगावर न हटणारा इसब, सततच्या उलट्या, वजन न वाढणं या तिच्या खुणा. अशा बाळाला प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली खास पावडर दोन ते चार आठवडे देतात. आराम पडला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली जुनं दूध पुन्हा देऊन पाहतात, आणि त्रास परतला तरच ॲलर्जी पक्की धरतात. ही दुसरी पायरी पालकांना निर्दय वाटते. मला ती अत्यावश्यक वाटते, कारण ती गाळली तर एखादं बाळ विनाकारण कित्येक महिने महागड्या, कडवट पावडरवर राहतं. बाळ आईच्या दुधावर असेल, तर ते तोडू नका. आईने काही काळ दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून पाहायचे असतात.

‘लॅक्टोज नसलेली पावडर देऊन बघायला काय हरकत?’ हाही नेहमीचा प्रश्न. आईच्या 100 मिली दुधात सुमारे 7 ग्रॅम लॅक्टोज असतं. बाळाचं आतडं त्याच्यासाठीच घडलेलं असतं. जन्मतः ते न पचणं अतिशय दुर्मीळ. जोरदार जुलाबांनंतर काही आठवडे ते पचत नाही असं होऊ शकतं, पण ते तात्पुरतं. ॲलर्जी प्रथिनांची असेल, तर लॅक्टोज काढून काहीच साधत नाही. शेळीचं दूध ‘हलकं’ म्हणून सुचवणाऱ्या आजीचा हेतू चांगला असतो, पण त्यातली प्रथिनं गाईच्या दुधातल्यासारखीच असतात, त्यामुळे ॲलर्जी टळत नाही. शिवाय गाय, म्हैस, शेळी, कोणतंही साधं दूध वर्षाच्या आतल्या बाळाचं मुख्य अन्न होऊ शकत नाही. त्यात लोह फार कमी असतं. सोयाची पावडर सहा महिन्यांच्या आत मनाने देऊ नये.

उलटी हिरवी असेल, दर वेळी कारंज्यासारखी उडत असेल, पोट फुगून टणक झालं असेल, शू कमी झाली असेल किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर पावडरचा विचार बाजूला ठेवून बाळाला त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, रुग्णालयात न्या. इतर वेळी डॉक्टरांकडे जाताना वजनाची नोंद, डबा आणि त्यातला चमचा सोबत घ्या, आणि दूध कसं बनवता ते तिथेच करून दाखवा.