भुसार पेढी आणि संगणक-सल्लागारांची कचेरी

प्रतिवर्षी या स्मरणिकेत बाजारभाव, कराचे नवे नियम, मालाची साठवण अशा विषयांवर जाणकार सभासद लिहीत असतात. यंदा आम्ही थोड्या आडवाटेच्या विषयास हात घालीत आहोत. वाचकांनी सांभाळून घ्यावे. कारण घरगुतीच आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली आता गादीवर बसत नाहीत. पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत जातात. आमची धाकटी कन्याही पुण्यास अशाच एका सल्लागार कंपनीत आहे. ती तेथे नेमके काय विकते हे आम्हांस पहिली दोन वर्षे उमगलेच नाही. उमगले तेव्हा मात्र आमच्या बेळगावच्या पेढीवरील माणसे आमच्याशी मोकळेपणी का बोलत नाहीत, हा निराळाच प्रश्न समोर येऊन उभा राहिला.

प्रथम धंदा समजून घेऊ. बँका, विमा कंपन्या, मोठी दुकाने यांना संगणकाच्या आज्ञावल्या लागतात. त्या कशा असाव्यात याचा सल्ला देणे व त्या लिहून देणे हा या सल्लागारांचा व्यवसाय. माल म्हणाल तर माणसांचा वेळ; भाव म्हणाल तर दिवसाचा अगर तासाचा. आपला हरभरा आज न विकला गेला तर उद्या विकता येतो, भाव चढण्याची वाटही पाहता येते. यांच्या मालास गोदाम नाही. आजचा न विकलेला दिवस मावळला की मालाचे मोल शून्य, आणि त्या माणसाचा पगार मात्र चालूच. काम नसलेल्या माणसास बहुतेक कंपन्यांत ‘बेंचवर’ आहे असे म्हणतात. थॉटवर्क्स नावाच्या अमेरिकन कंपनीत त्यालाच ‘बीचवर’, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर, असा गोड शब्द आहे. शब्द गोड असला तरी खर्च तोच!

या थॉटवर्क्सचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत, कारण नोकरवर्गाच्या चालीरीतींबद्दल या धंद्यात तिचा मोठा लौकिक आहे. नेव्हिल रॉय सिंघम यांनी ती १९९३ साली शिकागो येथे स्थापन केली. गृहस्थ डाव्या विचारांचे. धंदा टिकाऊ असावा, काम उत्तम असावे, आणि सामाजिक व आर्थिक न्यायाचा पुरस्कार व्हावा, अशी तीन उद्दिष्टे तेथे सांगितली जात. व्यापाऱ्याने तिसरे उद्दिष्ट पहिल्याच्या शेजारी बसवावे, हे आम्हांस सुरुवातीस विचित्रच वाटले. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा जाणकारांनी एकत्र बसून आज्ञावल्या लिहिण्याच्या कामाचा एक जाहीरनामा काढला. कागदोपत्री व्यवस्थेपेक्षा माणसांच्या परस्पर बोलण्यास त्यात वरचे स्थान होते. त्या सतरांपैकी मार्टिन फाउलर हे थॉटवर्क्सचे. पुढे कंपनीची कचेरी भारतातही आली, पुण्यासही आहे.

तेथील एक रीत सभासदांनी विशेष लक्षपूर्वक पाहावी. दोन माणसे एकाच संगणकापुढे बसून एकच काम करतात. एकाने लिहावयाचे, दुसऱ्याने पाहावयाचे व टोकावयाचे, मग अदलाबदल. काही दिवसांनी जोड्याही बदलतात. ऐकताच आम्ही म्हणालो, ‘‘म्हणजे एका कामाला दोन पगार!’’ कन्या म्हणाली, ‘‘अण्णा, आपल्या काट्यावर एकजण वजन करतो आणि दुसरा लिहून घेतो. तिथं दोन पगार का देता?’’ यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. चूक लिहिता लिहिताच सापडली तर ती स्वस्तात सुटते. गिऱ्हाइकाकडे पोहोचल्यावर सापडली तर महागात पडते. शिवाय कामाची माहिती एकाच डोक्यात अडकून राहत नाही. आपल्याकडे अर्धी उधारी दिवाणजींच्या वहीत आणि अर्धी त्यांच्या स्मरणात. ते आठ दिवस आजारी पडले की वसुली ठप्प. अर्थात ही रीत सर्वांस मानवते असे नाही. दिवसभर कोणाच्या तरी नजरेसमोर काम करणे थकवणारे असते, आणि एकान्तात ज्याची बुद्धी चालते तो तेथे गुदमरतो.

दुसरी रीत म्हणजे ठराविक दिवसांनी, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी, भरणारी मागोव्याची बैठक. तिला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात. काय नीट झाले, काय बिघडले, हे प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीस लावावयाचे. त्या वेळी जेवढे ठाऊक होते आणि जेवढी साधने हाताशी होती तेवढ्यात प्रत्येकाने आपले चांगलेच केले, असे आधी धरून चालावे, हा नॉर्मन कर्थ यांनी घालून दिलेला दंडक पुष्कळ ठिकाणी पाळतात. काही गट तर बैठकीपूर्वी निनावी कौल घेतात: येथे खरे बोलण्यास तुम्हांस किती निर्भय वाटते? एकपासून पाचपर्यंत आकडा लिहा. आकडे खाली आले तर ती बैठक रेटून नेत नाहीत.

हे ऐकले आणि आम्हांस १९९८ चा पावसाळा आठवला. गादी नुकतीच आमच्या हाती आली होती. मागच्या गोदामाचा एक पत्रा गळत होता. हरभऱ्याची थप्पी खालून भिजली, बुरशी धरली, आणि दोनशे पोत्यांपैकी साठ मातीमोल झाली. दिवाणजींना गळती आठ दिवस आधीच दिसली होती. ‘‘मग बोलला का नाहीत?’’ असे आम्ही ओरडून विचारले, तेव्हा ते खाली मान घालून उभे राहिले. त्याच आठवड्यात, एका बिलातील चुकीवरून, गिऱ्हाइकांदेखत आम्ही त्यांना नाही नाही ते बोललो होतो. वडिलांच्या काळापासूनचा तो माणूस. पुढे वर्षभराने त्यांनी काम सोडले. कारण विचारले तर डोळ्यांना दिसत नाही म्हणाले. साठ पोत्यांचे नुकसान आम्ही कीर्दीत लिहिले. त्याचे कारण मात्र लिहिले नाही.

तथापि त्या कचेऱ्यांत सगळे आलबेल आहे असे समजून कोणी हुरळून जाऊ नये. थॉटवर्क्समध्ये बोलण्याची मोकळीक मोठी, पण मालकी मुख्यतः सिंघम यांच्या हाती होती. २०१७ साली त्यांनी कंपनी एपॅक्स या गुंतवणूकदार मंडळीस विकली. हा निर्णय मालकाचा होता. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांनी तो ठरला नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये तिचे समभाग नॅस्डॅक बाजारात २१ डॉलरने विक्रीस आले. पुढे सल्लागारांची मागणी मंदावली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शेकडा चारच्या सुमारास माणसे कमी करण्याचे जाहीर झाले. २०२४ अखेर एपॅक्सने उरलेले समभाग ४ डॉलर ४० सेंट दराने घेऊन कंपनी पुन्हा खासगी केली. ज्यांनी २१ ला घेतले त्यांच्या हाती पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक उरले. न विकलेल्या दिवसांचा खर्च कोणत्याही चालीरीतीने टळत नाही, हे यावरून उघड आहे. आमच्या मते रीती खोट्या नव्हत्या. त्या मालकाच्या मर्जीवर उभ्या होत्या, एवढेच. आणि आपल्या पेढ्यांवर मालक आपणच आहोत, तेव्हा ही सबब आपणांस घेता येत नाही.

गेल्या दिवाळीपासून आम्ही दर शनिवारी वजनकाटा बंद झाल्यावर अर्धा तास बैठक सुरू केली आहे. दोन कारकून, दिवाणजी, काटेवाला व दोन हमाल, अशी सहा माणसे असतात. पहिल्या शनिवारी निर्भयतेच्या आकड्याच्या चिठ्ठ्या घेतल्या. सहाही चिठ्ठ्यांवर पाचचा आकडा! आम्ही मोठ्या समाधानाने हे कन्येस फोनवर कळविले. ती म्हणाली, ‘‘अण्णा, चिठ्ठ्या गोळा कोणी केल्या?’’ आम्हीच केल्या होत्या. आणि प्रत्येकाचे अक्षर आम्ही ओळखतो.

तेव्हापासून चिठ्ठ्या बंद केल्या. गोदामात झाकणाचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. ज्याने त्याने आत जाऊन एकपासून पाचपर्यंत हरभऱ्याचे दाणे त्यात टाकावयाचे. कोणी किती टाकले हे कळत नाही. मागील शनिवारी काटेवाल्याने डबा सर्वांसमक्ष उघडला. तीसपैकी तेरा दाणे निघाले.