तज्ज्ञाची पारख कशी करावी?

सकाळी मोबाईल उघडला की कोणीतरी 'डॉक्टर' किंवा 'शास्त्रज्ञ' आपल्याला आरोग्याचे धडे देत असतात. त्यांचे म्हणणे स्वतः प्रयोग करून तपासणे आपल्याला शक्य नसते. म्हणून आपण बोलणाऱ्या माणसालाच पारखतो. ही पारख डोळसपणे कशी करावी?

जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध केला. इंटरनेटवरील तज्ज्ञाला जोखताना सामान्य माणूस तीन गोष्टी पाहतो, असे त्यांना आढळले :

१. जाणकारी : या विषयाचे शिक्षण व अनुभव त्यांना आहे का?
२. सचोटी : ते प्रामाणिकपणे बोलतात का?
३. हितबुद्धी : त्यांना लोकांचे भले हवे आहे का?

बहुतेक वेळा आपण पहिल्याच प्रश्नावर थांबतो. पदवी दिसली की विश्वास बसतो. तेवढ्याने काय होते ते पाहू या.

अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९८ साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरील लेख प्रसिद्ध केला. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असे त्यांनी सुचवले. पदवी होती, नाव होते. मात्र लस-कंपन्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळत होते, हे त्यांनी लपवले होते. डेन्मार्कमध्ये २००२ साली ५,३७,३०३ मुलांच्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. २०१० साली लेख मागे घेण्यात आला व डॉक्टरांची नोंदणी रद्द झाली. पण दरम्यान इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घसरले होते आणि गोवर पुन्हा पसरला होता. किंमत मोजली ती लहान मुलांनी.

म्हणून संदेश पुढे पाठवण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या :

• हे ज्या विषयावर बोलतात, तोच त्यांचा विषय आहे का? हृदयरोगतज्ज्ञ लशींचा तज्ज्ञ असेलच असे नाही.
• शेवटी ते आपल्याला काही विकत आहेत का?
• त्या क्षेत्रातील इतर जाणकार काय म्हणतात?
• 'एवढे ठाऊक आहे, एवढे नाही' असे ते सांगतात का? स्वतःच्या अभ्यासाच्या मर्यादा सांगणारा तज्ज्ञ अधिक विश्वासाचा.

उत्तर सापडले नाही, तर आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारावे. तोवर संदेश आपल्याकडेच थांबू द्यावा.

कुटुंबात चर्चेसाठी : गेल्या आठवड्यात आपण पुढे पाठवलेल्या आरोग्यविषयक संदेशांपैकी किती या कसोटीला उतरतील?