वडीलधाऱ्यांची साक्ष

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसरात माडिया गोंडांच्या गावी झाडे आंब्यांनी लगडली, तरी ‘मरका पंडुम’ झाल्यावाचून फळ तोंडी लावावयाचे नाही, अशी रीत आहे. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. गावचा पेरमा पूजा करतो, पहिले फळ देवाला व पूर्वजांना वाहिले जाते आणि मगच ते माणसांच्या वाट्यास येते. बाहेरून पाहणारास ही केवळ श्रद्धा वाटेल. परंतु फळ कोवळेपणीच ओरबाडले गेले, तर रुजण्याजोगी कोय मागे उरत नाही. कोणी पहारेकरी नसता सारे गाव झाडासाठी थांबते, हे विशेष होय.

जुने ते सर्वच अनुकरणीय, असे मात्र मानण्याचे कारण नाही. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल अनेक ठिकाणी आहे आणि तिच्यापायी वणवेही लागतात. ज्येष्ठांचे ज्ञान गावाने बसून तपासावे लागते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ही तपासणी आपल्या अभ्यास गटात केली. तेथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतो. त्यामुळे एका वृद्धाची हरकतही ऐकून घ्यावी लागते. पोळ्यास इजा न करता मध काढण्याची रीत या गावाने स्वीकारली. सन २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

या ज्येष्ठांचे म्हणणे आता कायद्यानेही ग्राह्य धरले आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. वनहक्क अधिनियम, २००६ खालील नियमांच्या तेराव्या नियमात, दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन पुराव्यांत समाविष्ट आहे. कोणत्या ओढ्यापर्यंत गावची गुरे चरत, देवाचे ठाणे कोठे होते, मोहाची कोणती झाडे कोणत्या कुळाची, हे कागदावर नसते. ते सत्तरी-ऐंशीच्या माणसाच्या स्मरणात असते. तो गेला की दाव्याचा आधारही जातो.

यासाठी वनहक्क समितीने, ग्रामसेवकाने व शिक्षकाने ही कथने वेळीच उतरवून घेतली पाहिजेत. लिहिताना ओढ्यांची, टेकड्यांची व झाडांची गोंडी-माडिया नावे तशीच ठेवावी; त्यांची मराठी रूपे केली की जागेवर गेल्यावर सीमा सापडत नाही. शक्य तेथे वृद्धांना बरोबर घेऊन शिवार फिरावे. मार्च-एप्रिलमध्ये मात्र बैठक सकाळी ठेवू नये. त्या वेळी म्हातारीकोतारीही मोहाखाली फुले वेचीत असतात.