घरातला डेटा कोठे जातो?

विजेचा मीटर आपण सर्वांनी पाहिला आहे. या महिन्याच्या आकड्यातून मागचा आकडा वजा केला की वापर कळतो. इंटरनेटचेही तसेच आहे. आपल्या देशात 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा ते तासांवर मिळत असे. आता बाइटवर मिळते. 8 बिटांची 1 बाइट, साधारण 10 लाख बाइटांचा 1 एमबी आणि हजार एमबींचा 1 जीबी, एवढे पाठ असले की पुढे सगळे वजाबाकीचे गणित आहे.

आमच्या घरी नेटचा रिचार्ज फक्त आईच्या फोनला, रोज 2 जीबीचा. त्याच फोनचा हॉटस्पॉट लावून आजी, ताई आणि काका आपापले फोन जोडतात. म्हणजे विहीर एक आणि मोटा चार! संध्याकाळ झाली की नेट संपायचे. तसे ते अगदी बंद होत नाही, पण वेग सेकंदाला 64 किलोबिटांवर येतो. त्याला 8 ने भागा. सेकंदाला फक्त 8 केबी. ताईचा 16 एमबीचा धडा उतरायला 2,000 सेकंद लागतात, म्हणजे तेहतीस मिनिटे! आणि तिचे हे बारावीचे वर्ष.

बोल लागला आजीला, कारण ती दुपारी फोनवर कीर्तन ऐकते. आजी काही बोलली नाही. तिने दोन दिवस फोन कपाटात ठेवून दिला. तरी नेट संपलेच. मग मी वही घातली आणि आजीला म्हटलं, "तू फोन काढ, आपण मोजूनच बघू."

मोजायचे दोन ठिकाणी, बरं का. आईच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' असे पान आहे. तेथे कोणत्या ॲपने किती डेटा घेतला ते दिसते. पण हॉटस्पॉटची तेथे एकच ओळ असते. जोडलेल्या सर्वांनी मिळून किती घेतले ते कळते, कोणी किती घेतले ते कळत नाही. म्हणून प्रत्येकाच्या फोनमध्ये 'वाय-फाय वापर' वेगळा बघावा लागतो. तो आकडा महिन्याचा असतो. सकाळी एकदा लिहून घ्यायचा, संध्याकाळी पुन्हा बघायचा आणि वजा करायचा. बाहेर कोठे वाय-फाय जोडले तर तेही त्यात मिसळते, म्हणून सगळे घरी असतील असा रविवार मी निवडला.

सकाळी 6 ते संध्याकाळी 7 चे आकडे असे आले: आईचा स्वतःचा वापर 230 एमबी, हॉटस्पॉट 1,740 एमबी. मिळून 1,970. हॉटस्पॉटपैकी आजी 290, ताई 370 आणि काका 1,060. या तिघांची बेरीज 1,720 होते. 20 एमबीचा फरक राहिला, कारण सगळे फोन एकाच मिनिटाला वाचता आले नाहीत.

काका म्हणाले, "अरे, मी तर दिवसभर फोन हातात घेतला नाही!" ते खरेच होते. त्यांच्या फोनमध्ये ॲपची यादी उघडली तर व्हॉट्सॲप सर्वात वर. काका एकोणीस गटांत आहेत. सुप्रभातचे, लग्नांचे, बैलांच्या शर्यतींचे व्हिडिओ न उघडताच उतरत होते. यातली खोच अशी की व्हॉट्सॲप वाय-फायवर असले की फोटोंबरोबर व्हिडिओही आपोआप उतरवून घेते. हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनला आपण वाय-फायवरच आहोत असे वाटते. त्या वाय-फायमागे आईचे 2 जीबी आहेत हे त्याला काय ठाऊक! व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' येथे जाऊन वाय-फायखालची व्हिडिओची खूण आम्ही काढली. दुसऱ्या दिवशी काकांचा आकडा 140.

ज्यांच्या घरी तारेचे नेट आणि राउटर आहे, त्यांनी ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाकून बघावे (नेमका पत्ता बहुधा राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो). जोडलेल्या सर्व फोनांची यादी तेथे दिसते, काही राउटर प्रत्येकाचा वापरही दाखवतात. अनोळखी नाव दिसले तर लगेच शेजाऱ्यांवर संशय घेऊ नका. 2019 पासूनचे बरेच फोन आपला खरा पत्ता लपवून बनावट पत्ता देतात, त्यामुळे घरचाच फोन परका वाटतो. एकेक फोन बंद करून यादीतून कोण गेले ते पाहावे.

व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी एक हिशेब. सेकंदाला 1 मेगाबिट वेगाचे चित्र तासभर चालले तर 3,600 भागिले 8, म्हणजे 450 एमबी जातात. चित्र जितके स्पष्ट, तितका हा वेग वाढतो. आजीचे कीर्तन आम्ही सर्वात लहान चित्रावर लावून दिले आहे. तिला ऐकायचेच तर असते!

काकांनी आजीची माफी मागितली नाही, पण आता रोज संध्याकाळी आजीच वही मागते आणि आधी त्यांचा आकडा वाचायला लावते. वहीतले एक पान नमुना म्हणून खाली चिकटवले आहे.