पट मोटारींचा, गोटे गिरडचे

(गिरडची टेकडी. फरीदबाबांच्या दर्ग्याखालच्या उतारावर मामा-भाची टेकले आहेत. आजूबाजूला सुपारी-जायफळासारखे गोल गोटे पसरलेले.)

मामा : काल रात्री तुह्या मोबाईलवर मोटारी चिखलातून एकमेकींले धडका देत पळून राहिल्या होत्या. काय होतं ते?

भाची : रॅलीक्रॉस, मामा. 2019 चा जागतिक हंगाम पाहत होते.

मामा : रॅली म्हणजे मले पुढाऱ्याची माहीत.

भाची : मोटारींच्या रॅलीत गाडी एकटी सुटते. जंगलातून, घाटातून. थोड्या वेळानं दुसरी. सगळी लढत घड्याळाशी, तुमच्या बैलजोड्यांच्या शंकरपटासारखी.

मामा : पटात सेकंदाचाही शंभरावा भाग मोजतात, बाई! 2014 पासून 2021 पर्यंत कोर्टाच्या बंदीनं पट बंद होते, तं हात नुसते शिवशिवत होते. बरं, पुढं सांग.

भाची : रॅलीक्रॉसमध्ये पाच-सहा गाड्या एकदम सुटतात. मैदान बंदिस्त, काही रस्ता डांबरी, काही मातीचा. सुरुवात टीव्हीसाठी झाली. रॅली पार जंगलभर पसरलेली, कॅमेरे कुठं कुठं नेणार? म्हणून 4 फेब्रुवारी 1967 ला इंग्लंडात लिडन हिलच्या मैदानावर रॅलीच्या गाड्या एका जागी आणून पळवल्या. पहिली शर्यत व्हिक एल्फर्डनं पोर्शे 911 मधून जिंकली.

मामा : अन् आताच्या गाड्या?

भाची : 2019 मधल्या वरच्या गटाच्या गाड्या जवळजवळ 600 अश्वशक्तीच्या.

मामा : आपला ट्रॅक्टर पंचेचाळीसचा! आपल्या देशात हे कुठं होते?

भाची : आपल्याकडं ऑटोक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. मैदान मातीचं, पण लढत घड्याळाशी. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची. आता गंमत बघा. (पाच गोटे मांडते.) रॅलीक्रॉसच्या मैदानाला एक लांबचा फाटा असतो. त्याला म्हणतात जोकर. प्रत्येक शर्यतीत प्रत्येकानं एकदा, अन् एकदाच, त्या फाट्यानं जायचं. दोन-तीन सेकंद वाया जातात.

मामा : मंग काहून जायचं?

भाची : नियमच आहे. पण कोणत्या फेरीत जायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हा गोटा समजा गर्दीत मागं अडकला. त्यानं पहिल्याच फेरीत जोकर घेतला, तर पुढं मोकळा रस्ता मिळतो. पुढचा मात्र शेवटपर्यंत जोकर राखून ठेवतो, अन् बाहेर पडताना दोघं नेमके शेजारी येतात.

मामा : समुद्रपूरले जाताना कापसाच्या गाड्यायमागं अडकलो का मी शिवारातून काढतो, तसंच. लांब पडते, पण धूळ तं खावी लागत नाही.

भाची : अगदी तेच! पण मला हंगामाचं सांगायचंय. 2019 ला दहा ठिकाणी शर्यती झाल्या. एप्रिलमध्ये अबू धाबी, मग बार्सिलोना, स्पा वगैरे. नॉर्वेत एक गाव आहे, त्याचं नावच हेल.

मामा : म्हणजे नरक?

भाची : इंग्रजीत तसंच. शेवटची शर्यत नोव्हेंबरात, केप टाऊनला. प्रत्येक ठिकाणी आधी चार पात्रता फेऱ्या. त्यात वेळ बघून क्रम लावायचा. पहिल्या बारांना उपांत्य, तिथून सहा अंतिम शर्यतीत. आता गुण ऐका. पात्रता फेऱ्यांत पहिला आला तर 16. उपांत्य जिंकली तर 6. अंतिम जिंकली तर 8.

मामा : उलटं सांगून राहिली तू. शेवटच्या पटाले आठ अन् आधीच्याले सोळा?

भाची : उलटं नाही. अंतिम शर्यत म्हणजे सहा फेऱ्या, एक धक्का बसला की खेळ खलास. पात्रतेत दोन दिवस चांगलं चालवावं लागतं. म्हणून तर त्या वर्षी मजा झाली. स्वीडनचा टिमी हॅन्सन प्यूजो 208 घेऊन होता. बाप केनेथ चौदा वेळा युरोपचा विजेता, भाऊ केव्हिनही त्याच संघात.

मामा : पटाचं घराणंच म्हण.

भाची : अन् नॉर्वेचा आंद्रेयास बाकेरूड ऑडी एस1 मध्ये. टिमीनं दहांपैकी चार ठिकाणी अंतिम शर्यत जिंकली. बाकेरूडनं एकही नाही. तरी केप टाऊनला हंगाम संपला तेव्हा दोघांचे गुण 211.

मामा : एकही न जिंकता? (गोटा हातात घोळवत) म्हणजे चिल्लरच जमवत गेला. मंग दोघांतून विजेता कसा काढला?

भाची : नियमात लिहिलेलं होतं. गुण बरोबरीत, तर ज्यानं शर्यती जास्त जिंकल्या तो. टिमी जगज्जेता.

मामा : घ्या! सोळा सोळा देऊन त्याले शिकवलं का जिंकण्यापायी मरू नको, सांभाळून चाल. अन् बरोबरी झाल्यावर विचारलं काय, तं किती जिंकल्या?

भाची : हो, तसंच झालं.

मामा : म्हणजे या गोट्यायसारखंच. फरीदबाबाची थट्टा केली म्हणून काही व्यापाऱ्यायचे नारळ-सुपाऱ्या दगड झाल्या, अन् हे सारे गोटे तेच, असं म्हणतात. त्यायनं हात जोडले तं बाबानं वाळलेल्या पानायचा नवा माल करून देला.

भाची : कॉलेजात मला सांगितलं होतं, हे बेसाल्ट खडकातले झिओलाइटचे गोळे आहेत.

मामा : असतील. पण त्या बाकेरूडच्या 211 चे गोटे झाले, ते तं तूच आता सांगितलं. अन् त्याले पानं द्यायले तिथं कोणी बाबाही नव्हता. (उठतो.) चाल, खाली उतरू. आता त्या टिमीची एखादी शर्यत पहिल्यापासून लाव, जोकर कोणत्या फेरीत घेते ते मी आधी सांगतो.