शिफ्ट सुटल्यावरची झोप

चाकण, भोसरी, म्हाळुंगे भागातील कामगार माझ्याकडे येतात ते बहुधा डोकेदुखी, पित्त नाहीतर अंगात त्राण नसल्याची तक्रार घेऊन. मी आधी विचारतो, 'सेकंड शिफ्ट सुटल्यावर झोपता किती वाजता?' 'दोन-अडीच होतातच, डॉक्टर.' बस बाराच्या सुमारास घरी सोडते, जेवण होते आणि मग हातात मोबाईल येतो. दुपारपासून मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाची तेवढीच करमणूक, हे मला मान्य आहे.

अंधार पडला की मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन हे द्रव्य सोडू लागते. रात्र झाल्याचा शरीराला तो निरोप. पडद्याच्या निळसर प्रकाशाने हा निरोप लांबतो. पण प्रकाशाचा बाऊ जरा जास्तच झाला आहे. बोस्टनमध्ये १२ तरुणांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशित पडद्यावर वाचल्यावर झोप लागायला छापील पुस्तकाच्या तुलनेत सरासरी दहा मिनिटेच उशीर झाला. आपले जातात दोन तास! पुस्तकाचे पान निदान आपल्याला उलटावे लागते. रील संपण्याआधीच बोट पुढच्या रीलवर गेलेले असते.

सकाळी मुलांच्या शाळेची गडबड सुरू झाली की झोप मोडते. अमेरिकेतील २००३ सालच्या एका प्रयोगात सलग १४ रात्री सहाच तास झोपू दिलेल्या लोकांचे लक्ष पूर्ण रात्र जागलेल्या माणसाइतके घसरले होते. त्यांना स्वतःला मात्र ते फारसे जाणवत नव्हते. प्रेसवर हात घालणाऱ्याने आणि नाशिक रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. उपक्रम स्तुत्य आहे. पण कारखान्यांच्या गावात एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र, तेव्हा भोंगा ज्याचा त्यालाच ठरवावा लागेल. गावाकडचे फोन बसमध्येच उरकावेत. घरी आल्यावर मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ घ्यावे. नाईट शिफ्टवाल्याने दिवसा झोपताना फोनचा आवाज बंद ठेवावा. तातडीच्या निरोपासाठी घरमालकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर गावी देऊन ठेवावा. चार-पाच जण एका खोलीत राहत असतील तर निदान इअरफोन वापरावेत.

दोन-तीन आठवडे असे करूनही झोप लागत नसेल, घोरणे फार असेल किंवा कामावर डुलकी येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नयेत.