कंपनीचं कार्ड की स्वतःची पॉलिसी?

ताईंनो, मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मुलाच्या कंपनीच्या विम्यात माझं नाव आहे. मग वेगळी पॉलिसी कशाला?" चला, समजून घेऊ.

कंपनीचा गट विमा : हप्ता बहुतेक वेळा कंपनी भरते. आधीपासून शुगर, बीपी असलं तरी बऱ्याच गट विम्यांत पहिल्या दिवसापासून खर्च मिळतो. पण नोकरी सुटली की विमाही सुटतो.

स्वतःची पॉलिसी : हप्ता आपण भरायचा, वयाप्रमाणे तो वाढतो. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस खर्च मिळत नाही. जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण हप्ता वेळेवर भरला की नोकरी असो-नसो, पॉलिसी आपली.

आता विचार करा. मुलाची नोकरी गेली आणि तुम्हाला शुगर निघाली, तर नव्या पॉलिसीत त्याच आजारासाठी थांबावं लागेल. म्हणून कंपनीचं कार्ड चालू असताना, तब्येत बरी असतानाच झेपेल तेवढी पॉलिसी घ्या. थांबायचा काळ तोवर सरतो. फॉर्ममध्ये आजार लपवू नका, दावा नाकारला जातो.

हप्ता झेपत नाही? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत मिळतात; मात्र यादीतलेच आजार, यादीतलीच रुग्णालयं.

आज घरी विचारा :
१. कार्डावर माझं नाव आहे का?
२. विमा किती रकमेचा?
३. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीत स्वतःची पॉलिसी करून मिळेल का?

उत्तरं वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणा.